रांगोळीतलं उपकेंद्र

दादा गेल्याचा भाच्याचा फोन येरमाळ्याहून आला, तेव्हा मी तालुक्याला, वाशीच्या बाजारात होते. रडू आलंच... सख्खा भाऊ तो. पण मनातली जुनी अढी रडून सुटली नाही, आणि ती सुटल्याचं नाटक मला इथं करायचं नाही.

दादा नियोजनातला अधिकारी. खेड्यांचे विकास आराखडे करणं हे त्याचं काम. माणूस मोठा गोड. कुणाच्याही ओसरीवर बसून चहा प्यायचा, म्हाताऱ्यांना नावानं ओळखायचा. आमच्या गावचा आराखडा करायला आला तेव्हा मला म्हणाला, "शालन, बाया आल्या पायजेत. तुझं ऐकत्यात." मी घरोघर फिरले. शिवारफेरी झाली, मग देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला घेतला. आराखड्याची ती रीतच आहे. निळा ओढा, पिवळी शेतं, पलीकडच्या वस्त्या. आरोग्य उपकेंद्र कुठं हवं, यावर बाया तावातावानं भांडल्या. शेवटी पलीकडच्या वस्तीवरच्या गयाबाईंनी ओढ्यापलीकडं कुंकवाची चिमूट ठेवली. त्यांची सून बाळंतपणाला नेताना ओढ्याकाठीच गेली होती. बायांनी डोळ्यांना पदर लावला... दादाचेही डोळे भरले. ते खरोखर भरले होते, हेच मला अजून सोसत नाही.

उपकेंद्र हमरस्त्यावरच्या गावाला गेलं. मी दादाला विचारलं, "तुला आधी ठाऊक होतं?"

"व्हय. जागा आधीच ठरली होती."

"मग बायांना कशाला बसवलंस?"

"सभा घ्यावीच लागती, शालन. त्याबिगर आराखडा पुढं सरकत न्हाय."

मी गयाबाईंना जाऊन खरं ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमी तुमच्या तोंडाकडं बघून आलतो, बाई." पुढं माझ्या बोलावण्यावर एकही बाई सभेला आली नाही.

तेव्हापासून मी दारात रांगोळी काढली नाही. दादा भाऊबीजेला यायचा, उंबऱ्याशी थबकायचा, कोऱ्या सड्याकडं बघायचा आणि मुकाट्यानं आत यायचा. मी ओवाळायचे, जेवू घालायचे. का काढत नाहीस, असं त्यानं एकदा तरी विचारावं, म्हणून वाट बघत राहिले...

परवा जाऊबाई म्हणाल्या, "सुतक फिटलं, आता तरी काढ की रांगोळी." मी हो म्हटलं. रोज सकाळी सडा टाकते आणि जागा तशीच सोडते. दादा अजून तिथंच उभा असतो, आणि अजूनही काही विचारत नाही.