रेझिस्टर लावला होतास ना?

गुप्ते मॅडम. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. आणि त्यांच्याशी मी काय केलं, हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – बायकोला नाही, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

मी मुरबाडचा. मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत मुलाखतीला गेलो, तेव्हा इंग्रजी प्रश्नांपुढे माझी बोबडीच वळली. साहेब फाइल मिटायला लागले होते. शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "मराठीत सांग रे. सर्किटला कुठे इंग्रजी येतं?" मी सांगितलं. नोकरी लागली. पुढे माझे इंग्रजी रिपोर्ट त्याच दुरुस्त करायच्या – दार लोटून घेऊन, इतरांना कळू नये म्हणून. अशी माणसं कितीजणांना भेटतात?

आमची यंत्रं भट्टीचं तापमान आकड्यांत दाखवायची. आतलं सर्किटचं कार्ड मॅडमनी स्वतः डिझाइन केलेलं. भट्टीकडून दोन तारा येतात, त्यांच्यातल्या व्होल्टेजचा इवलासा फरक म्हणजे तापमान. पण आसपासच्या मोटारींमुळे दोन्ही तारांवर सारखाच, नको असलेला व्होल्टेजही चढतो. कार्डाने तो सोडून द्यायचा आणि फरक तेवढा वाचायचा. हे त्याला कितपत जमतं ते मोजणं – आम्ही त्याला कॉमन मोड रिजेक्शन म्हणायचो – माझं काम. दोन्ही तारा एकत्र जोडायच्या, त्यांना मेन्सचा व्होल्टेज द्यायचा, आकडा हलतो का पाहायचं. मात्र एका तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घालायचाच, हा मॅडमचा नियम. "कारखान्यात दोन तारा कधीच सारख्या नसतात. इथे सारख्या ठेवून मोजलंस तर कुठलंही कार्ड पास होईल."

मग बंगलोरच्या ट्रेनिंगची गोष्ट निघाली. माझंच नाव लागणार असं मी धरून चाललो होतो. नाही लागलं. मॅडमनी मला बोलावून स्वतःच सांगितलं, "मीच नको म्हटलं. आकडा चांगला आला की तू तिथेच थांबतोस, का आला ते बघत नाहीस. अजून कच्चा आहेस. वर्षभर थांब." साहेबांनी जाताजाता टोमणा मारला, "काय मुरबाडकर, मॅडमनीच पाय ओढले वाटतं?"

मला वाटलं – माझा विश्वासघात झाला. ज्या हाताने वर घेतलं त्याच हाताने ढकललं. तो शब्द मी किती दिवस चघळला असेन!

त्याच आठवड्यात एक बॅच आली. रेझिस्टर घातला की आकडे नाचायचे. सोल्डरिंगचा चिकटा नीट धुतला गेला नव्हता, बहुधा एवढंच होतं. कार्डं परत पाठवायची, धुवून वाळवून पुन्हा मोजायची, की झालं. मॅडम त्या दिवशी बाहेर होत्या. मी रेझिस्टरच्या दोन टोकांवर एक धातूची क्लिप लावली – वीज क्लिपमधूनच जाणार, म्हणजे रेझिस्टर असून नसल्यासारखा. आकडा शून्यावर गप्प बसला. कार्डामागून कार्ड पास. लिहिलेला एकही आकडा खोटा नव्हता, बरं का!

घाई होती म्हणून केलं असं वाटेल तुम्हाला. नाही. मला त्या पास झालेल्या कार्डांच्या रिपोर्टवर त्यांची सही हवी होती. मी कच्चा ना? – मग बघू त्यांची सही किती पक्की ते.

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी सही केली. अक्षर माझं होतं म्हणून न वाचता.

महिन्याभरात कार्डं डोंबिवलीच्या कारखान्यातून परत आली. मोटार सुरू झाली की भट्टीचा आकडा उडायचा. त्यांचा बराच माल जळला होता. आम्ही पुन्हा मोजली तर सगळी नापास. साहेब म्हणाले, "सही तुमची आहे, मॅडम." त्या माझ्याकडे वळल्या.

"रेझिस्टर लावला होतास ना रे?"

"हो, मॅडम."

"मग मिटलं. हा लावला म्हणतोय म्हणजे लावलाय. तेव्हा पास होती, आता नाहीत – म्हणजे माझं डिझाइनच टिकत नाही. कच्चं आहे."

तोच शब्द. माझ्यासाठी वापरलेला, आता स्वतःसाठी.

पुढे कित्येक महिने त्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये नसलेली चूक शोधत राहिल्या. मी समोरच्याच टेबलावर. त्यांनी मदत मागितली तेव्हा मी मदतही केली – कल्पना करा, मदत! शेवटी ते कार्ड बंद झालं, त्यांना खरेदी विभागात बसवलं, आणि एक दिवस त्या राजीनामा देऊन गेल्या. ट्रेनिंग मला मिळालं. त्यांचं टेबलही.

नव्वदच्या दशकात मॅनेजर झालो, तेव्हा त्यांचा नौपाड्यातला पत्ता शोधून काढला. खरं काय ते लिहायलाच बसलो होतो. पोस्टात टाकलं ते हे –

"आदरणीय गुप्ते मॅडम, साष्टांग नमस्कार. मला टेस्टिंगचा मॅनेजर केलं आहे. पहिली आठवण तुमची झाली. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तुमचाच नियम शिकवतो – एका तारेत एक किलोओहम, आणि काही झालं तरी तो काढायचा नाही. मी तो कधीच काढला नाही. तुमचा विद्यार्थी."