आधीचा पंचनामा

त्या सप्टेंबरात धरणाची दारं उघडली आणि आमच्या पुलावर मांडीभर पाणी चढलं. पलीकडच्या वस्तीवरची सून दिवस भरलेली, सकाळीच कळा सुरू झालेल्या. अलीकडं रुग्णवाहिका उभी, पलीकडं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली. मी गावची तलाठी, म्हणून सासू दर पाच मिनिटांनी मलाच फोन करायची. "बाई, पहिलटकरीण हाय बगा. कायतरी करा."

धरण, तहसील आणि बांधकाम, साहेब तिन्ही खात्यांचे आले होते. पण तीन जीप ओळीनं उभ्या, आणि प्रत्येक जण काचा वर करून आपल्या वरच्या साहेबाशी बोलतोय! मी पावसात एकेका काचेवर टकटक करत फिरले. धरणाचे अभियंता म्हणाले, "दारं तासभर खाली घेता येतील, धरणात जागा आहे. पण तहसीलचं पत्र पाहिजे." नायब तहसीलदार म्हणाले, "देतो की पत्र. आधी पूल चालेल असं बांधकामवाल्यांनी लिहून द्यावं." बांधकामवाले म्हणाले, "पाणी उतरल्याशिवाय पूल बघू कसा?" घ्या! बसा आता गोल फिरत.

माझं डोकं सणकलं. "उतरा खाली!" मी ओरडले. तिघंही मुकाट उतरले, याचं मला अजून नवल वाटतं. एसटीच्या निवाऱ्यात एकाच बाकड्यावर त्यांना बसवलं आणि रकान्यांचा छापील कागद काढला. "एकट्याच्या सहीचं भ्या वाटतंय ना? मग पंचनामा करू. सगळ्यांच्या सह्या एकाखाली एक. कुणा एकट्याची मान अडकत नाही."

"अहो बाई, पंचनामा घडून गेल्यावर करतात," नायब तहसीलदार म्हणाले.

"मग काय, ती मरायची वाट बघू?"

मग धरणवाल्यांनीच पेन मागितला. दारं तासभर खाली, पाणी उतरताच पुलाची तपासणी, पूल धड असला तर ट्रॅक्टर सोडायचा. तीन ओळी, चार सह्या, दहा मिनिटं. "सकाळपासून आपण करत काय होतो हो?" बांधकामवाले म्हणाले, आणि लाजत लाजत सगळेच हसले.

पाणी ओसरलं. बांधकामवाले पँट दुमडून, काठीनं ठोकत पूल ओलांडून गेले आणि तिकडून दोन्ही हात हलवले. ट्रॅक्टर निघाला. सून खंडोबाच्या अणदूरची, त्यामुळं सासू ट्रॉलीतूनच ओरडली, "येळकोट येळकोट!" इकडून "जय मल्हार" म्हणणारे नायब तहसीलदार होते.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. मुलगी! दोघी खुशाल! तिघा साहेबांनी एकमेकांना अशा मिठ्या मारल्या, जशी त्यांचीच नात. ड्रायव्हर बघतच राहिले.

कागदावर एकच रकाना कोरा होता, नुकसानीचा. नोकरीत मी त्यात पडलेली घरं लिहिलीत, वाहून गेलेली जनावरं लिहिलीत. एकदा एक लेकरूही लिहिलंय. त्या दिवशी तिथं 'निरंक' लिहिलं, आणि कागद भिजू नये म्हणून तोंड वळवून पोटभर रडले.