बोअरच्या गाडीवरचा माणूस

बोअरने विहिरी आटतात म्हणून आमच्या पाणलोट समितीने गावात बोअरबंदी केली होती. गाडी आली की आम्ही बायका वेशीवरूनच परत पाठवायचो. परवा मात्र गाडी थेट शेजारच्या रानात शिरली. ड्रायव्हरने चपला काढल्या, नारळ फोडला आणि पहिला तुकडा मलाच दिला.

"गाडी माघारी ने. हितं बंदी हाय," मी म्हणाले.

"मावशी, तुमची समिती आता नगरच्या मोठ्या मंडळात मिसळली. मी मंडळाच्या हापिसात इचारून आलोय. ते म्हनले, असली बंदी आमच्याकडं न्हाई."

समिती मंडळात गेली हे ठाऊक होतं. बंदीही गेली, हे कुणी सांगितलं नव्हतं. माणूस उर्मट असता तर भांडले असते.

त्याने पाणी मागितलं. मी आमच्या विहिरीचं दिलं. "लई गोड हाय, मावशी," म्हणाला, आणि मशीन चालू केलं.