विमलबाईंच्या भिंतीवरचं मानपत्र

निम्मी वाट मागे पडली तरी राधिकाच्या मनातलं मनातच होतं. धनजची मंडळी पहाटेच दत्तजयंतीसाठी कारंज्याला पायी निघाली होती. पुढे बायांचं भजन चाललं होतं, त्यामागे पोरंसोरं, आणि सगळ्यांच्या मागे बापूराव. त्यांचा गुडघा त्यांना पुढे जाऊ देत नव्हता. राधिका मुद्दामच त्यांच्याबरोबर मागे राहिली होती. दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा भरून ओथंबल्या होत्या, उन्हाला अजून धार आली नव्हती. बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही, हे तिला कळत होतं. पण विषयाला हात घालायचा कसा?

"पोरी, तू दर्शनाले चालली का मले बोलतं कराले चालली?" बापूरावांनीच विचारलं.

राधिका हसली. "दोन्हीला, काका."

"मंग बोल ना. मनात ठेवून चाललं का पाय जड पडते."

बापूराव सत्तरीला टेकलेले. जातीनं माळी, गावाला लागून भाजीपाल्याची लहानशी वाडी. पण तालुक्यात त्यांना वाडीवरून कोणी ओळखत नसे. ते मानपत्रवाले बापूराव. मास्तर निवृत्त झाला, ग्रामसेवकाची बदली झाली, कोणाची पंचाहत्तरी आली की मानपत्र बापूरावांकडून लिहून घ्यायचं. लग्नातली मंगलाष्टकंही त्यांचीच, नवरा-नवरीची नावं, आजोळ, कुळदैवत सगळं ओळींत बसवलेलं. श्रद्धांजलीचा मजकूर, सरपंचाचं भाषण, सगळं त्यांच्याकडे. उभं आयुष्य या माणसानं दुसऱ्यांसाठी लिहिण्यात घालवलं. राधिकाला तेच करायचं होतं, आणि म्हणूनच ती त्यांच्या मागे लागली होती.

चालता चालता तिनं बापूरावांना सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. ती इंग्रजी नावाच्या एका खासगी शाळेत शिकवायची. मग पुण्याची एक कंपनी भेटली. माहितीचे व्हिडिओ काढायची, आणि त्यात बोलायचा मजकूर राधिकानं मराठीतून लिहून द्यायचा. केस गळणं, वास्तू, उपवासाचे पदार्थ, काय वाटेल ते. काम भरपूर होतं, पैसे वेळेवर येत. राधिकानं शाळा सोडली. घरात भाऊ मुकेश नको म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. आणि मागच्या आठवड्यात मोबाईलवर निरोप आला, की यापुढे मजकूर मशीनच लिहील, तुम्ही फक्त वाचून दुरुस्त करून द्या. दर आधीच्या पाव. आभारी आहोत.

जुन्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती. संस्थाचालक ओळखीचे, पण आज संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे म्हणाले. मुकेश मोटारसायकलनं परस्पर कारंज्याला येणार होता आणि तिथंच तिचा हो किंवा नाही ऐकून त्यांना फोन लावणार होता. राधिकाकडे उरली होती ती ही अर्धी वाट.

"काका, लिहिण्यावर माणूस जगू शकतो का? खरं सांगा. आज मुकेशदादाला उत्तर द्यायचं आहे."

रस्त्याकडेला कोणाचा तरी पालकाचा वाफा होता, त्याच्याकडे बघत बापूराव थोडं चालले.

"तुया कंपनीशिवाय अजून कोण होतं तुले काम देणारं?"

"कोणी नाही. गरजच पडली नाही."

"हं. आमच्या प्रयागले जर मी म्हटलं असतं का साऱ्या वाडीत नुसती कोथिंबीर लाव, तं तिनं मले वाडीच्या बाहेर काढलं असतं. थे मेथी लावते महिन्याभरात निघाले, वांगे लावते चार महिने तोडाले, अन् बांधावर शेवगा ठेवते, कोणी पाणी देवो न देवो. कोथिंबिरीले भाव नसला तं वांगे हायेत. मी थ्याच घरात जेवलो, अन् माया धंद्यात थे अक्कल वापरली नाई."

"तुमचं तर काम कधी थांबलं नाही म्हणतात."

"कोण म्हणते? लग्नसराई अन् मास्तरायच्या निवृत्त्या, एवढंच माझं पीक. पावसायात मी माशा मारत बसो. थ्या येळेत कृषी केंद्रवाल्याची जाहिरात, पतसंस्थेचा अहवाल, शाळेचा वार्षिक अंक, असं सालोसाल चालणारं काम धरता आलं असतं. पण मले वाटे, आपण मानपत्र लिवणारे, युरियाची जाहिरात काहून लिवावी? लय माज होता मले."

पुढून त्यांच्या बायकोचा, प्रयागबाईंचा आवाज आला. साठीतली काटक बाई, डोक्यावर शिदोरीचं गाठोडं, वळून उभ्या राहिल्या होत्या. "ऐकलं का? तुमचं मानपत्र वाचणं होईलोक थांबन का तिकडं पालखी?"

"तू हो पुढं! देवाले सांग, माणूस लंगडत येऊन राह्यला म्हणून."

"देवाले दिसते थे. मले सांगा लागते का?" असं म्हणून त्या भजनात जाऊन मिळाल्या.

बापूराव प्रयागबाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. "लोक म्हणते, बापूराव लेखणीवर जगला. खोटं हाये, पोरी. बापूराव प्रयागच्या मेथीवर जगला. लेखणीनं चहापाणी निघालं, कधी पोरायचे कपडे निघाले. पण घर तिनं पेललं. मी कोणाच्या मानपत्रात हे लिवलं नाई, अन् तिच्या तोंडावर बी कधी बोललो नाई."

राधिकाला वाटलं होतं, ते म्हणतील जग, खुशाल जग, मी जगलो ना. म्हणजे शाळा सोडली तीच चूक होती. मुकेश म्हणाला होता तसंच झालं.

तरी तिनं शेवटचा खडा टाकून पाहिला. "काका, तुम्ही तर आता लिहिणं बंद केलं. तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवा ना."

"गिऱ्हाईक का बैल हाये, दावं सोडून तुया हातात द्याले? तुया कामानं आलं तं येईन." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण एक सांगतो. काम घेतानी पयले इसार घेजो, चार पैसे आगाऊ. किती येळा बदलून देशील थे बी तेव्हाच सांगजो, नाई तं लोक लग्नाच्या मांडवात येऊन म्हणते, मामाचं नाव राह्यलं. नात्यातल्याचं फुकट करशील तं एकाचंच कर, नाई तं सारा तालुका तुया नात्यात निघन. अन् पैशाची गोठ चहाच्या आधी करजो. चहा पोटात गेला का माणसाचं तोंड उघडत नाई."

चहाचं नाव निघालं आणि राधिकाला बाजारातला तो टोमणा आठवला. बापूराव भाजीच्या दुकानावर बसले की एखादा टारगट हटकून म्हणायचा, "बापूराव, आमच्या बुढ्याचं मानपत्र लिवा, पण त्यात चहा नका टाकू!" आणि आजूबाजूचे हसायचे. बापूराव मान खाली घालून मेथीच्या जुड्या नीट करत राहायचे. राधिकाही एकदोनदा हसली होती. कशाला हसतो आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं.

"काका, ते लोक चहावरून बोलतात, ते काय आहे?"

बापूराव थांबले. एका निंबाखाली मैलाच्या दगडावर बसले आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहिले. भजन दूर गेलं.

"माझी एक रीत होती," ते म्हणाले. "ज्याचं मानपत्र लिवायचं, त्याच्या घरी जाऊन बसायचं. पण त्याले काही इचारायचं नाई. थो आपली नोकरीच सांगते. त्याच्या बायकोले इचारायचं. बाई पयले म्हणते, मले काय समजते. मंग तांदूळ निवडता निवडता असं एखादं सांगते, का सारा सभामंडप डोये पुसते. लोक म्हणत, बापूरावच्या हातात सरस्वती हाये. सरस्वती कायची, घरोघरच्या बायाच होत्या थ्या."

"मग?"

"मंग मोबाईल आला. लोक फोनवरच सांगू लागले. नाव, गाव, किती वर्षं नोकरी. मले बी बरं वाटलं. गुडघा दुखे, बसचे हाल. घरी बसल्या बसल्या जुन्या मानपत्रातले चांगले चांगले वाक्य काढो अन् नाव बदलून देऊन देओ. कोणाच्या ध्यानात येत नोतं."

इंझोरीचे जगदेव गुरुजी निवृत्त झाले तेव्हाही असंच झालं. शाळेतल्या एका शिक्षकानं फोन केला, बायकोचं नाव विमलबाई म्हणून सांगितलं, घाईत होता. बापूरावांकडे एक हुकमी वाक्य होतं. कितीतरी मानपत्रांत टाळ्या घेतलेलं. 'आजवर घड्याळाकडे पाहत उभ्याने प्यालेला विमलबाईंच्या हातचा चहा आता आपण ओसरीवर बसून निवांत घ्यावा.' तेच त्यांनी टाकलं. सुंदर अक्षरात छापून, काचेच्या चौकटीत घालून मानपत्र सभेत आलं.

विमलबाईंना वर्षापूर्वी लकवा मारला होता. उजवा हात कायमचा गेलेला. स्वयंपाक, चहा, त्यांची वेणीफणी सगळं गुरुजीच करत. त्या दिवशी गुरुजींनी हौसेनं त्यांना नवी साडी नेसवून खुर्चीत बसवून आणलं होतं. दुखण्यानंतर पहिल्यांदाच बाई चार लोकांत आल्या होत्या. आणि ध्वनिक्षेपकावरून ते वाक्य वाचलं गेलं.

"मी तिथंच होतो. मले बी शाल द्यायची होती म्हणून बोलावलं होतं," बापूराव म्हणाले. "सारी सभा चूप झाली. बाईनं डाव्या हातानं पदर ओढला अन् उजवा हात झाकून घेतला. बस, एवढंच. कोणी मले काही म्हटलं नाई. टोमणे मंग सुरू झाले, थे ठीकच हाये. पण थो पदर माया डोयासमोरून जात नाई."

आपण लिहिलेल्या कितीतरी ओळी राधिकाला आठवल्या. केस गळणाऱ्या कोण बाया, उपवास करणारी कोण माणसं, तिनं एकालाही पाहिलं नव्हतं. मशीननं जे काम घेतलं ते त्याला घेता आलं, कारण तीसुद्धा तसंच करत होती. हे तिच्या मनात आलं आणि फार लागलं.

"तुम्ही माफी मागितली नाही?"

"गेलो होतो. गुरुजीनं दार उघडलं. या म्हणाले, बसा म्हणाले. समोर भिंतीवर थेच मानपत्र टांगलेलं. शाळेचा मान हाये ना, काढन कोण? अन् बाईची खाट बरोबर त्याच्यासमोर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजी आत गेले अन् स्वतःच्या हातानं चहा करून घेऊन आले." बापूरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी थो चहा प्यालो अन् तसाच उठून आलो. थ्या दिवसापासून मी कोणाचं काही लिवलं नाई. पण लिवणं सोडल्यानं भिंतीवरचं थोडंच उतरते?"

दोघं कारंज्याच्या वेशीपाशी पोचली तेव्हा ऊन तापलं होतं. नाक्यावर मुकेश मोटारसायकल लावून उभाच होता. शिस्तीचा, बहिणीची काळजी करणारा, पण बोलायला तिखट.

"काय मग लेखिकाबाई? संस्थावाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला. हो म्हणू ना?"

राधिकानं बापूरावांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच होता.

"दुपारची शाळा देत असतील तर हो म्हण," ती म्हणाली. "सकाळ मला लागते."

"त्यांना दिवसभर माणूस पाहिजे, राधे. आणि सकाळी कायले? तुझी कंपनी तर गेली."

"विचारून तर बघ. पगार अर्धा दिला तरी चालेल. दुपारचा एक वाफा शाळेचा. सकाळचे दुसरे मी लावीन."

"कायचे वाफे?" मुकेशला काही कळलं नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यानं फोन काढला आणि आवाज टाळायला चार पावलं दूर गेला.

बापूराव खाली वाकून चप्पल काढत होते. मंदिर अजून बरंच पुढे होतं, पण वेशीपासून अनवाणी जायची त्यांची जुनी रीत. राधिकानं त्यांच्या चपला हातात घेतल्या. ते नको म्हणाले नाहीत.

"राधे, थ्या सकाळींतली एक सकाळ मले दे."

"सांगा ना, काका."

"इंझोरीले जाजो. फोन करू नको, दार वाजवून आत जाजो. गुरुजीले काही इचारू नको, बाईजवळ बस. बोलणं अडखळते तिचं, पण घाई करू नको. थे सांगन थे लिव, नवं मानपत्र. माया एक बी वाक्य त्यात घेऊ नको. अन् हे नात्यातलं नोहे, इसार मी देतो, तो घ्यायचाच." मुकेश तिकडे फोनवर हात हलवून कोणाला तरी समजावत होता. "गुरुजी चहा ठेवाले उठतीन. थो पेजो, नाई म्हणू नको. पण त्याच्या आधी सांगजो पोरी, का मी भिंतीवरचं मानपत्र बदलाले आली हाओ. चहा येण्याच्या आधी सांगजो."