एका घाण्याला दोन अंडी

साखरेची मऊ बिस्किटं कच्ची वाटतात तेव्हाच बाहेर काढायची असतात. कडांनी जेमतेम धरलं की पुरे. मधला भाग गरम थाळीवर आपला आपण होतो. रंग येईपर्यंत थांबलात तर ती चहात बुडवायची बिस्किटं होतात. दुसरी गोष्ट अंडं. अंड्याशिवायही तितकीच मऊ होतात असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांची बिस्किटं मी खाल्ली आहेत.

कृती मला दिल्लीत, नेहरू प्लेसच्या ऑफिसात मिळाली. परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तशा एका कंपनीत मी हिशेबाच्या विभागात होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईची बहीण अमेरिकेत होती. त्या बाईने एकदा डब्यात तिच्या कृतीची मऊ, पांढरट, वर साखर भुरभुरलेली बिस्किटं आणली. सगळ्यांना वाटलं, सादळलीत. मी दुसरं उचललं आणि फाईलच्या पाठीवर कृती लिहून घेतली.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगर सोडून नोएडाला आलो होतो. सासरे निवृत्त झाले, वर्षभरात वारले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. नवऱ्याने सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. सेक्टरमधल्या अर्ध्या इमारतींना खिडक्या नव्हत्या, वारा आला की ताटात वाळू यायची, वीज तर मनात येईल तेव्हा जायची. तरी मी पगारातून ओव्हन घेतला. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. सासूबाईंनी तो एका अटीवर घरात येऊ दिला. अंडं येणार नाही.

सासूबाईंच्या या नेमाची लक्ष्मीबाई नगरात गोष्ट झालेली होती. तिथे दिवाळीआधी सगळ्या घरांतून कणीक, साखर, तूप घेऊन भट्टीवर बिस्किटं करून आणायची पद्धत होती. सासूबाईही न्यायच्या, पण भट्टीवाल्याला सगळ्या थाळ्या राखेने घासायला लावायच्या आणि शेवटचं बिस्किट निघेपर्यंत उभ्या राहायच्या. चाळीस वर्षं पंजाब्यांच्या शेजारात राहून त्यांनी अंडं शिवलेल्या भांड्यातलं पाणीही घेतलं नव्हतं. बाकी त्यांच्या हाती काही नव्हतं. शिक्षण चौथी, सासरे त्यांना कशातच विचारायचे नाहीत, बसने एकट्या कधी गेल्या नाहीत. पण कुणाकडे काय खावं आणि काय खाऊ नये, या बाबतीत मराठी बायकांत त्यांचा शब्द शेवटचा होता. नोएडाला आल्यावरही सहा महिन्यांत आजूबाजूच्या सेक्टरांतल्या आठ-दहा मराठी बायका जमवून त्यांनी रविवारचं भजन सुरू केलं आणि तिथेही तेच स्थान मिळवलं.

मी फौजेतल्या हवालदाराची मुलगी. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, रविवारी मटण खाणारी. कॉलेजात लग्न ठरवलं ते आम्हीच. माप ओलांडून आत आले तर सासूबाई म्हणाल्या, "आलीस ती आलीस. आता तोंड विटाळायचं नाही." मी नाही विटाळलं. तरी अकरा वर्षांत माझ्या हातचं काही त्यांना चांगलं लागलं नाही. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आमटीला बराकीचा वास येतोय." पाहुण्यांसमोर हसत म्हणायच्या.

नोएडाला आलो त्याच वर्षी त्यांचे सगळे दात काढले. कवळी टोचायची, ती वाटीतच असायची. पोळी चावेना. दूधभात, दूधभात आणि दूधभात. अंगावरचे ब्लाउज लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, मऊ आणि ताकदीचं काहीतरी द्या.

पहिल्यांदा मी बिस्किटं केली ती मुलीच्या शाळेसाठी. रविवारी चार ते सहा भजन असायचं, तेवढ्यात उरकलं. दोन अंडी शनिवारीच ऑफिसच्या पर्समध्ये, स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून आणली होती. व्हॅनिला आणि वर वेलची, म्हणजे वास राहत नाही. सासूबाई परत आल्या, ओट्यावरची थाळी पाहिली आणि एक तोंडात टाकलं. उभ्या उभ्या दुसरं घेतलं. ते हिरड्यांवरही विरघळत होतं.

"कोणी केलं?"

"मी."

"अंडं नाही ना?"

"नाही."

"आज पहिल्यांदा तुझ्या हातचं काही घशाखाली उतरलं," त्या म्हणाल्या आणि तिसरं घेतलं.

शाबासकीला भुलून मी खोटं बोलले, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं नव्हतं. मला मजा वाटली.

मग ते दर रविवारचं झालं. दीड वर्ष. टरफलं ब्रेडच्या कागदात बांधून सोमवारी सकाळी ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसच्या स्टॉपजवळच्या उकिरड्यावर टाकायची. डब्यात ब्रेडचा एक तुकडा ठेवायचा, त्याने बिस्किटं आठवडाभर मऊ राहतात. सासूबाईंच्या गालांवर मांस आलं. नवऱ्याला एकदा माझ्या पर्समध्ये तो डबा सापडला.

"यार, तू आईला अंडं खाऊ घालतेस?"

"डॉक्टरांनी ताकदीचं सांगितलंय."

तो हसला. मग स्वतः एक बिस्किट घेतलं. त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

सुट्टीच्या दिवशी जेवताना त्या बराकीच्या वासाचं म्हणायच्या आणि संध्याकाळी भजनाहून आल्या की माझ्यापुढे हात करायच्या. मी डबा उघडून त्यांच्या तळव्यावर बिस्किट ठेवायचे आणि त्या संपवेपर्यंत समोर बसायचे. त्या म्हणायच्या, "अशी काय बघतेस?" मी म्हणायचे, "काही नाही, आई. साखर जास्त झाली का बघतेय."

सांगायचा माझा विचार नव्हता. हाताशी असावं, एवढंच होतं.

मग माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याकडून आली. वडील गेल्यावर ती गावी राहत होती, पण फौजीची बायको म्हणून तिचं ऑपरेशन इथे दिल्ली कँटमधल्या फौजी हॉस्पिटलात होणार होतं. डोळ्याला पट्टी बांधून ती आमच्याकडे पंधरा दिवस राहणार होती. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिचं भांडं वेगळं काढलं. एक स्टीलचा पेला, बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका.

"डोळ्यात औषध घालतात ना विहीणबाई," त्या मला म्हणाल्या, "हात लागतो. म्हणून हो."

आई तो पेला स्वतः घासून खिडकीत पालथा घालून ठेवायची. मी रात्री तिच्याजवळ बसून म्हटलं, तुला परत घेऊन जाते. तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्येंचं घर हाय."

दुसऱ्या रविवारी भजन आमच्या घरी होतं. आदल्या दिवशी सासूबाई कवळी घासून घ्यायला दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, तेवढ्यात मी दोन घाणे काढले. सासूबाईंनी बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की सुनेच्या हातची बिस्किटं खायला मिळतील. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, बायका बसल्या. आई भिंतीला टेकून शेवटच्या टोकाला बसायला गेली.

"विहीणबाई, तुम्ही तिकडे स्वयंपाकघराच्या दारात बसा हं," सासूबाई म्हणाल्या. "इथे आम्ही सगळ्या न खाणाऱ्या."

एक-दोघी हसल्या. आई उठली, हाताने भिंत चाचपत दारापर्यंत गेली आणि तिथे फरशीवर बसली. आरती झाली. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. आईच्या हातावर वीतभर वरून टाकला. पट्टीमुळे तिला अंदाज आला नाही, साखरफुटाणे खाली पडले. ती वाकून गोळा करायला लागली.

मी डबा आणला. बायकांनी बिस्किटं घेतली. "अहाहा" झालं. सासूबाईंनी दोन घेतली, एक तोंडात, एक मांडीवर.

"हिला मी घडवली," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "आमच्या घरी आली तेव्हा मांसमच्छीशिवाय काही ठाऊक नव्हतं. आईने शिकवलं असेल तेच ना येणार! आता बघा. बिनअंड्याचं असं कुठल्या बेकरीत मिळेल का?"

"बिल्कुल नाही मिळणार," एकजण बोटं चाटत म्हणाली. "ए, कृती सांग ना गं. मी लिहूनच घेते."

तिने खरंच पर्समधून पेन काढलं.

"घ्या लिहून," मी म्हटलं. "मैदा दोन वाट्या. बेकिंग पावडर एक चमचा. पिवळं लोणी एक वाटी, फ्रिजबाहेर काढून ठेवायचं. साखर एक वाटी, मिक्सरमधून काढलेली. लोणी आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटायची. मग अंडी. एका घाण्याला दोन. एकेक फोडून घालायचं, एकदम नाही."

पेन थांबलं.

"अंड्यांऐवजी काय म्हणालीस?"

"अंडीच म्हणाले. कोंबडीची. दर रविवारी घालते, दीड वर्ष झालं. व्हॅनिला थोडा जास्त घाला, आईंना वास कळला नाही तो त्यानेच."

एक बाई तोंडावर पदर धरून बाथरूमकडे पळाली. दुसरीने घास रुमालात काढला. सासूबाईंचं तोंड हलायचं थांबलं होतं. बिस्किट आत होतं, आणि ते थुंकावं की गिळावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. सगळ्या बघत होत्या. शेवटी त्यांनी गिळलं. मांडीवरचं दुसरं तसंच राहिलं.

दहा मिनिटांत घर रिकामं झालं. चपला घालताना कुणी सासूबाईंना "येते" म्हटलं नाही.

आईने माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं होतं, ती निदान मनातून तरी सुखावेल.

"आगं, वैऱ्याच्या ताटात बी कुनी आसं घालत न्हाई," ती म्हणाली. "माझ्यापायी केलंस म्हनून सांगू नगंस कुनाला. दीड वरीस मी कुठं हुते हितं?"

दुसऱ्या दिवशी ती कँटमधल्या जुन्या शेजारणीकडे गेली. पट्टी तिथेच सुटली.

सासूबाईंनी शेजारच्या गावातून दूध आणणाऱ्या गुर्जराकडून गोमूत्र मागवलं, अकरा दिवस नुसत्या दुधावर राहिल्या. बाराव्या दिवशी, दुपारी, मला म्हणाल्या, "एकटीला सांगायचं होतंस. मी शिव्या घातल्या असत्या, उपास केले असते, संपलं असतं. पण मला ते आवडत होतं, हे तू त्या बायकांना दाखवलंस."

मी भांडी लावत होते. लावत राहिले.

भजन दुसऱ्या सेक्टरमध्ये हललं. निरोप आला, "काकूंनी आता आराम करावा." काकू रविवारी चार वाजता इस्त्रीचं पातळ नेसून हॉलमध्ये बसायच्या आणि सहाला उठायच्या. हे दोन महिने चाललं. मग इस्त्री सुटली. पुन्हा दूधभात, पुन्हा लोंबणारे ब्लाउज. नवरा म्हणाला, बिनअंड्याची करून बघ. केली. टणक झाली. दुधात बुडवली तर गाळ झाला, त्यांनी वाटी सरकवली.

मऊ बिस्किटं मी मुलीसाठी करतच होते, आता उघडपणे. अंडी फ्रिजच्या दारात रांगेने असायची. हिवाळ्यातल्या एका दुपारी थाळी नुकती बाहेर काढली होती, तर सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शाल डोक्यावरून घेतलेली, तोंडात कवळी नाही.

"झाली का?"

"काय, आई?"

"ती. मऊ."

"तुमची त्या निळ्या डब्यात आहेत."

"ती नाही चावत मला."

"मग कुठली देऊ?"

"माहितीये तुला."

"तुम्ही सांगा."

त्या हा शब्द तोंडात घेत नसत. बाजारात दुकानदाराने म्हटला तरी मान फिरवायच्या. थोडा वेळ त्या थाळीकडे बघत राहिल्या. वाफ येत होती.

"अंड्याची," त्या म्हणाल्या. फार हळू.

मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "काय?"

त्यांनी परत म्हटलं, मोठ्याने. हॉलमध्ये अभ्यास करणाऱ्या मुलीने मान वर केली.

मी एक बिस्किट बशीत घालून दिलं. त्यांनी ओट्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून खाल्लं, बशीतला चुराही बोटाने टिपला आणि बशी पुढे केली.

मी बशी घेतली आणि धुऊन ठेवली. "अजून हवं असेल तर सांगा," मी म्हटलं, "पण नाव घेऊन."

त्यांनी घेतलं.

त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. डॉक्टरांच्या मते त्यांच्या वयाला तब्येत उत्तम होती. बिस्किटं मी दर आठवड्याला केली, कधी चुकवली नाहीत, आणि न मागता त्यांना एकही दिलं नाही.