चीनची पोट्टी आणि आमच्या गल्लीतल्या मोटरी

बोरगाव मेघेतल्या आमच्या घराची वरची खोली मी भाड्याने देते. एक वर्ष ती चीनच्या एका पोट्टीने घेतली. तिकडे अर्थशास्त्र शिकून ही आमच्या वर्ध्यातल्या हिंदी विद्यापीठात हिंदी शिकायला आली होती. कशाला, तर तिच्या देशातल्या सरकारी बँकेत भारताचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञाची जागा तिला हवी होती. आईबाप भातशेती करणारे. तिच्या शिक्षणापायी त्यांनी कधी हौसमौज केलीच नव्हती, आणि ते ती रोज आठवायची.

आमचे हे म्हणाले, "अर्थशास्त्र शोधाले वर्ध्यात येते का कोणी?"

मी म्हटलं, "तुम्ही दुकान सांभाळा."

पोट्टी मोठी गुणाची. ठेचा खाण्यात मलाच हरवायची. महिन्याभरात सगळ्या गल्लीची झाली.

एप्रिलात बँकेची मुलाखत आली, व्हिडिओवर. तिकडचे नऊ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. आणि साडेसहालाच आमच्याकडे नळ येतात, तेही एक दिवसाआड. धार करंगळीएवढी, म्हणून घरोघर नळाला मोटर. सगळ्या एकदम सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात, पंखे रांगतात आणि इंटरनेटचा डबा मान टाकतो. तसंच झालं! तिकडचे साहेब प्रश्न विचारत राहिले आणि ही पडद्यावरून गायब. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. मोबाईलचं नेट गच्चीच्या एका कोपऱ्यात येतं, तेही मर्जी असेल तर. दुसऱ्याला काय बोलू, सर्वांत मोठी मोटर माझीच.

बँकेने दया केली. परवा, याच वेळी, शेवटची संधी. परवा म्हणजे पुन्हा नळाचाच दिवस. असा राग आला म्हणता मला त्या नशिबाचा! पोट्टी जिन्यात बसून हुंदके देत होती. मला ते बघवेना.

तिला काही न सांगता मी घरोघर फिरले. मुलाखत होईपर्यंत मोटर लावू नका, एवढंच मागणं. पण एप्रिलातलं पाणी सोडा म्हणणं म्हणजे चेष्टा नाही. तरी कुरकुरत का होईना, बाया हो म्हणाल्या. अडले ते समोरचे निवृत्त कंडक्टर भाऊजी. त्यांच्याकडे सेलूच्या लग्नाला जाणारे पाहुणे उतरले होते.

"वहिनी, पाहुण्यायले आंघोळीले काय देऊ? अन् नोकरी ते चीनमधे करन. आपण काऊन तहानेनं मरावं?"

"अस्सं? दिवाळीले तुमच्या घरी फराळ करून गेलती, तवा कोणत्या देशाची होती ते?"

भाऊजींनी दार लावून घेतलं. मी तिथेच उभी, संतापाने लाल.

परवाची सकाळ उजाडली. जीव टांगणीला लागणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. नळ आले. पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, घागरी घेऊन बाया आपापल्या दारात उभ्या. माझी नजर भाऊजींच्या फाटकावर. एक मोटर घूं करेल आणि सगळं मुसळ केरात जाईल! शेवटी राहवेना, म्हणून मी फाटकातून डोकावले. भाऊजी मोटरीच्या बटणापुढे खुर्ची टाकून बसले होते. पाहुण्यांपैकी कोणी दाबू नये म्हणून पहारा! मला बघून त्यांनी हातानेच गप्प राहायला सांगितलं.

मुलाखत लांबली. नळ गेले. मग पोट्टी धाडधाड जिना उतरून आली आणि माझ्या गळ्यात पडली. "हो गया काकू, पूरा हो गया!" मी मोठ्ठा श्वास सोडला. "जीव भांड्यात पडला वो बाई माझा!"

भाऊजी पलीकडून ओरडले, "तुमचा जीव त पडला भांड्यात, आता पाणी कवा पडन?"

सगळी गल्ली हसली. मग मागच्या गल्लीतल्या बोअरवरून दुपारपर्यंत पाणी वाहिलं, पण हात दुखल्याचं कोणी बोललं नाही. पंधरवड्याने निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी पेढे वाटले, आणि पहिला भाऊजींना दिला.

आता ती त्या बँकेत मोठी अधिकारी झाली आहे. बढती मिळाल्याचं सांगायला परवा तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा भाऊजी आमच्याच ओसरीवर होते. तिला तो दिवस अजून आठवत होता. हिंदीत म्हणाली, "काकू, तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं, पण मी ऐकत होते. नळाची धार बादलीत पडत होती आणि मोटर एकही वाजत नव्हती. मला तेव्हाच समजलं. मग मला भीतीच वाटली नाही."

भाऊजींनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातून ओढून घेतला.

"म्हणजे पोरी," ते म्हणाले, "माहे पाहुणे बिनआंघोळीचे लग्नाले गेलते, ते वाया नाई गेलं."