नागपूर ते कळंब, तिघांना विचारून

नागपूरहून कळंबला जायला चार सोयी आहेत आणि आमच्या घरात चारही सोयींचे वकील आहेत. दादा मोटारीचा. तो पुण्यात राहतो, त्यामुळे त्याला इकडचं सगळंच सोपं दिसतं. फोनवर गाडी ठरवायची, ड्रायव्हर दारातून नेतो, दारात उतरवतो, विषय संपला. वहिनी ट्रॅव्हल्सची, कारण तिला एसी लागतो आणि तिच्या मते तो सगळ्यांनाच लागतो. माझा नवरा रेल्वेचा. वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी लाइन आल्यापासून तो असा बोलतो, जणू रूळ त्यानंच टाकले. आणि बाबा एसटीचे.

मी कोणाचीच वकील नव्हते. सरकारी कचेरीत दिवसभर फायली वाचते, म्हणून मला न्यायाधीश करण्यात आलं. घरातला न्यायाधीश म्हणजे ज्याला चारही बाजूंनी शिव्या बसतात तो.

प्रवास कशासाठी, ते सांगते. बाबा पंचायत समितीतून निवृत्त झाले. नोकरीत दारव्हा झालं, महागाव झालं, आणि शेवटी कळंबला बदली झाली तेव्हा आईनं जाहीर केलं की आता इथून हलायचं नाही. तिला चिंतामणीचं देऊळ आवडलं होतं. ते देऊळ जमिनीच्या खाली आहे, देवाला भेटायला पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरून लोक ते जुनं देऊळ पाहायला येतात, फोटो काढतात, निघून जातात. आई गेल्यावरही बाबा रोज संध्याकाळी त्या पायऱ्या उतरतात आणि कोणी पाहुणा सापडलाच तर त्याला गावाचा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

बाबांच्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध दुखणं झालंय. समोरचं पुसट दिसतं, कडेकडेचं दिसतं. आहे ते टिकावं म्हणून दर महिन्याला नागपुरात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. बाबा एसटीनं एकटे येत, माझ्याकडे दोनतीन दिवस राहत आणि एकटे परत जात. हे सुरळीत चाललं होतं. मग एकदा स्टँडच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला, गुडघा खरचटला, आणि मी मूर्खासारखं ते दादाला सांगितलं.

लगेच व्हिडिओ कॉलवर सभा भरली. बाबा माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. त्यांच्याबद्दलच सगळं चाललं होतं, पण बोलत सगळे माझ्याशी होते.

"एकदा तू सोबत जा," दादा म्हणाला. "नीट पाह्य. जमत असंल तर ठीक. नसंल जमत तर पुढच्या महिन्यापासून मोटार. अन् मोटार नको म्हणत असतील तर मंग घर बंद करून नागपूरलेच राहा म्हणा."

मटार सोलणारे हात थांबले. कळंबचं घर बंद करायचं, हे पहिल्यांदाच कोणीतरी उघड बोललं होतं.

"परीक्षा माही आहे न?" बाबा म्हणाले. "मंग पेपर कोन तपासते, हे तं सांगा."

"मी," मी म्हणाले.

"तू? मंग काही भेव नाही," असं म्हणून ते पुन्हा मटार सोलायला लागले. त्यांना भीती वाटत होती हे मला दिसलं, कारण शेंगा भांड्यात आणि दाणे टोपलीत चालले होते.

बाकीच्या सोयी आम्ही करून पाहिल्या नव्हत्या असं नाही. दादानं एकदा मोटार करून दिली होती. ड्रायव्हरनं कानात इअरफोनची बोंडं खुपसली ती कळंब येईपर्यंत काढली नाहीत. पोचल्याचा फोन आला तेव्हा बाबांचा आवाज इतका पडलेला होता की मला वाटलं ताप आला. "कोनी बोललंच नाही न," ते म्हणाले. ट्रॅव्हल्सवाला गावात शिरायला कुरकुर करतो, हायवेलाच उतरवून देतो, आणि तिथून ऑटो मिळणं आपल्या नशिबावर. रेल्वेनं नवरा स्वतः घेऊन गेला. वर्ध्याला उतरले, पूल चढले, पूल उतरले, कळंबची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिले. परत आल्यावर नवऱ्यानं रेल्वेची वकिली सोडली नाही, पण आवाज जरा खाली आणला.

एसटी मात्र कळंबच्या स्टँडात शिरते. तिथला पानवाला बाबांना ओळखतो. दादाचं म्हणणं, वय झाल्यावर एसटी फुकट झाली म्हणून बाबा तिला चिकटले आहेत. हे ऐकून बाबा चिडत नाहीत, हसतात, आणि मला ते हसू आवडत नाही.

तर आम्ही निघालो. नेमके अधिवेशनाचे दिवस. वर्षातून काही दिवस नागपूर उपराजधानीची खरी राजधानी होते आणि गावातल्या माणसाला गावात फिरता येईनासं होतं. जागोजागी कठडे, मोर्चे, पोलिसांच्या गाड्या. ऑटोवाला कुठून कुठून फिरवत स्टँडवर घेऊन आला तेव्हा माझं डोकं आधीच तापलं होतं. स्टँडवर मोर्चाहून परतणाऱ्यांची ही गर्दी. टोप्या, झेंडे, शिदोऱ्या.

"मी विचारतो," बाबा म्हणाले.

"विचारायचं काय त्याच्यात? बोर्ड आहे न," मी म्हणाले. मला दिसत होतं ना! दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींची तोंडं आमच्याकडे. डावीकडच्या गाडीवर स्पष्ट यवतमाळ लिहिलेलं होतं, म्हणजे कळंबवरून जाणारी; उजवीकडची पांढरकवड्याची. दारात रेटारेटी चालली होती. अशा वेळी आमच्याकडे जागा धरायचा एकच सर्वमान्य कायदा आहे : खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताशी असेल ते सीटवर टाकायचं. पोरगं बसवलं तरी चालतं. टाकलेल्या पिशवीला मोठमोठी माणसं मान देतात.

बाबांची बॅग घेऊन मी मागच्या बाजूनं धावले, दोन गाड्यांच्या मधल्या बोळीत शिरले आणि डावीकडच्या गाडीच्या उघड्या खिडकीतून बॅग आत टाकली. आतल्या बाईला म्हटलं, "ताई, दोन सीट." ताईंनी मान डोलावली. विजयी मुद्रेनं मी पुन्हा वळसा घालून पुढे आले, रेटत दारातून आत चढले. बाबा आधीच चढलेले होते, तिसऱ्या रांगेत बसलेले होते, आणि शेजारची जागा त्यांनी माझ्यासाठी हातानं धरून ठेवली होती.

"बॅग कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

मी सगळ्या सीटवर पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारची गाडी नव्हती.

समोरून पाहताना जे डावीकडे असतं ते मागून शिरल्यावर उजवीकडे जातं. हे चौथीच्या पोराला कळतं. बाबांची बॅग पांढरकवड्याला निघाली होती, आणि तिच्यात त्यांचे डोळ्यात टाकायचे थेंब होते, दवाखान्याचे कागद होते आणि काळा चष्मा होता. मला रडूच कोसळलं. खरं सांगायचं तर बॅगेचं इतकं नव्हतं. परीक्षा बाबांची आणि नापास मी, याची लाज वाटली. शिवाय हे दादाला कळलं की तो म्हणणार, तू असताना असं झालं, एकटे असते तर काय झालं असतं?

बाबांनी मात्र कंडक्टरला गाठलं. "साहेब, आमच्या पोरीनं बॅग पांढरकवड्याच्या गाडीत बसवून देल्ली. बिनातिकिटाची आहे बिचारी."

कंडक्टर हसला, आजूबाजूचे चार लोक हसले, आणि लगेच प्रत्येकाला त्यात भाग घ्यायचा होता. त्या गाडीवर कंडक्टर कोण, याची चौकशी झाली, फोन लागला. दोन्ही गाड्या बुटीबोरीपर्यंत एकाच रस्त्यानं जातात, तेव्हा बॅग बुटीबोरीला चहाच्या टपरीवर उतरवायची असं ठरलं. बुटीबोरी आली तेव्हा अर्धी गाडी खिडकीतून डोकावून बॅग शोधत होती. ती टपरीच्या बाकावर ऐटीत बसलेली होती. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. बाबांनी उतरून बॅग घेतली, टपरीवाल्याची विचारपूस केली, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवेपर्यंत तिथून हलले नाहीत.

देवळी मागे पडल्यावर गाडी जरा रिकामी झाली. नदीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला तसे बाबांनी हात जोडले. वर्धा नदी ओलांडली की आमचा जिल्हा लागतो.

"बाबा, गाडी कोणती ते तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"इचारलं तिघाले."

"तिघांना कायले?"

"एक जन चुकते. दोघं असले तं भांडतात. तिघं मनले का झालं." मग खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "बोर्ड मले दिसतच नाही. दोन वर्सं झाले असतीन. तू दादाले सांगू नको."

दोन वर्षं! दर महिन्याला एकटे येत होते, जात होते, आणि एकही बोर्ड वाचत नव्हते. मला एकदम भीती वाटली आणि त्यांचा रागही आला. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की आज ज्याला दिसत नव्हतं तो बरोबर गाडीत बसला, आणि जिला दिसत होतं तिनं बॅग पांढरकवड्याला पाठवली.

रात्री दादाचा फोन आला. "बोर्डबिर्ड वाचता येते का त्यायले?"

"बोर्ड मी वाचला," मी म्हणाले. "अन् चुकले." मग बॅगेची सगळी गोष्ट सांगितली. दादा खूप हसला. हसता हसता मूळ प्रश्न विसरला. मी आठवण करून दिली नाही. "एक महिना पाहू," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात बाबा आले, इंजेक्शन झालं, जायचा दिवस उजाडला. मला कचेरीत तातडीचं काम आहे असं सांगून मी त्यांना स्टँडच्या फाटकाशी ऑटोतून उतरवलं आणि ऑटो पुढच्या वळणावर सोडून मागं आले. नागपुरात ऊन असो, धूळ असो, बायका तोंडाला स्कार्फ बांधून फिरतात. मीही डोळे तेवढे उघडे ठेवून बांधला आणि एका खांबाजवळ उभी राहिले.

बाबांनी आधी एका पोलिसाला विचारलं. मग शेंगदाणे विकणाऱ्या बाईला. मग इकडेतिकडे मान तिरकी करून पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आले. हातभर अंतरावर उभे राहिले.

"बाई, यवतमाळची गाडी हेच का?"

मी चाळीस वर्षांहून जास्त काळ या माणसाची मुलगी आहे. स्कार्फ असला म्हणून काय झालं, माझे डोळे, माझी उंची, त्यांनीच घेऊन दिलेली पर्स, काहीच ओळखू आलं नाही?

"हो काका," मी आवाज बदलून म्हणाले. "हेच. कळंबले थांबते."

"देव भलं करो," ते म्हणाले आणि वळले. तिघं झाले होते. पण ते गाडीत चढले नाहीत. दोन पावलं जाऊन एका कॉलेजच्या पोराला थांबवून त्यांनी पुन्हा काही विचारलं, आणि मगच चढले.

म्हणजे आता तिघांनीही भागत नाही, मला वाटलं. गाडी गेल्यावर मी तिथेच बाकावर बसले आणि दादाचा नंबर काढला. घर बंद करावंच लागेल. त्या पायऱ्या, तो पानवाला, सगळं. बटण दाबायचं बाकी होतं. पोचल्याचा फोन येऊ दे, मग सांगू, असं म्हणून मी कचेरीत गेले आणि दिवसभर एकच फाइल वाचत बसले.

संध्याकाळी फोन आला. मागे देवळातली घंटा ऐकू येत होती.

"पोचलो."

"गाडी लवकर सापडली का?" मी विचारलं.

"सापडली न. एक स्कार्फवाली भेटलती. मनते, हो काका."

"ओळखलं होतं तुम्ही?"

"आता पोरीचा आवाज ओळखू नाही येत का मले?"

"मग माझ्यानंतर त्या पोराला कायले विचारलं?"

"तुह्या भरोशावर चढलो असतो," बाबा म्हणाले, "तं आत्ता पांढरकवड्याहून बोलून राह्यलो असतो."